जॉर्ज हसला तेव्हा

ईस्टरआधीचा, झावळ्यांचा रविवार होता, चर्च गच्च भरलं होतं, आणि सगळे डोळे मिटून, माना खाली घालून शांत प्रार्थनेत बसलेले असताना जॉर्ज भिंगारदिवेचं पोट बोललं. भूक लागल्यावर गुरगुरतं तसं नव्हे. आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरांनी ते टोक काढून टाकलं होतं, मागची वाट शिवून कायमची बंद केली होती आणि आतड्याचं तोंड पोटावर, डाव्या बाजूला, बाहेर आणून ठेवलं होतं. त्यावर पिशवी. त्या तोंडाला लाज नाही की लगाम नाही. आवळून धरायला स्नायूच नाही. ते वाजलं. आधी बारीक, मग ओलसर, मग फुग्यातली हवा सुटावी तसं लांबत गेलं, आणि वेदीपासून मागच्या दारापर्यंत ज्याला ज्याला कान होते त्यानं ते ऐकलं. शेजारी बसलेली त्याची बायको दया खोकली. गेल्या पावसाळ्यापासून ती हे खोटं खोकणं शिकली होती. आवाजाची चाहूल तिला त्याच्याआधी लागायची. पण आज खोकला उशिरा आला, उघडा पडला, आणि आधीच्या आवाजाकडं बोट दाखवल्यासारखा झाला. पुढच्या बाकावरचं एक पोर खी करून हसलं. त्याच्या आईनं त्याला चिमटा काढलेला दयानं मिटल्या डोळ्यांनीही ओळखला. आणि मग जॉर्ज हसला.

साधंसुधं हसला असता, ओशाळून, तोंडावर हात धरून, तर तिनं ते गिळलं असतं. तो मैदानावर हसायचा तसा हसला. पंचवीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस, कबड्डीत एखादं पोर चढाईला जाऊन स्वतःच्याच पायात अडकून पडलं की तो जसा कमरेवर हात ठेवून, मान मागं टाकून, आभाळाला ऐकू जाईल असा हसायचा, तसा. तेवढ्यानं सगळ्यांच्याच हसण्याचं दार उघडलं. पोरं हसली, मग बाया, मग पदराआड म्हाताऱ्या. पाळकसाहेबांनी स्वतःला सावरत ‘आमेन’ म्हटलं, आणि त्या आमेननं हसू आणखीनच उसळलं. मागच्या बाकावरून कुणीतरी पुढं वाकून जॉर्जच्या पाठीवर थाप मारली. जॉर्ज डोळे पुसत होता. त्याचं तोंड लाल झालं होतं, खांदे हलत होते, आणि त्या सबंध चर्चमध्ये न हसलेली एकच बाई उठली, पर्स उचलली, आणि मधल्या वाटेनं, चपला वाजवत, बाहेर निघून गेली. लोकांना वाटलं असेल, बिचारी रडायला गेली. रडायला! तिच्या कानशिलात रक्त धडधडत होतं. हातात आलेली पहिली वस्तू तिनं फोडली असती. हातात स्कूटरची किल्ली आली म्हणून तिनं स्कूटर काढली.

फाटकाशी चर्चचा राखणदार रंगनाथ उभा होता. ‘बाई, आत्ताच? आन सर?’

‘सर येतील त्यांचे ते.’

घर सावेडीला. तिनं गाडी उलट्या बाजूला घातली. चांदणी चौक, मग भिंगार, लष्कराच्या लांबच लांब भिंती, आणि मग पाथर्डीचा रस्ता. कुठं जायचंय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्यातच थोडी मोकळीक होती. ऊन चढलं होतं. समोरून ऊसतोडीवरून परतणाऱ्या माणसांचे ट्रॅक्टर येत होते, वर गाद्या, भांडी, कोंबड्या आणि पोरं, आणि त्या ट्रॅक्टरच्या ढणढणाटात ती हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होती. ह्या माणसाला हसता येत होतं. ह्याला हसता येत होतं! आठ महिने हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता. हिनं काय काय करून बघितलं होतं. एसटी स्टँडवर पासाच्या खिडकीत ती नोकरीला. तिथली रोजची सोंगं तिनं त्याला घरी येऊन करून दाखवली. स्वतःच्या जागी मोठ्या भावाचा फोटो लावून पास मागणारं पोर, ‘माझ्या म्हशीला पास मिळंल का’ विचारणारा म्हातारा. आवाज काढून, हातवारे करून. जॉर्ज म्हणायचा, ‘हं.’ त्या एका ‘हं’साठी ती दिवसभर खिडकीत गोष्टी गोळा करायची. आणि आज तीनशे माणसांना त्यानं ते हसू फुकट वाटून टाकलं. ज्यांनी त्याची एक चादर धुतली नव्हती त्यांना.

बीट. हा एक शब्द तिच्या डोक्यात कधीही, कुठंही उगवायचा, आणि उगवला की तिला दात आवळावे लागायचे. कधीतरी, फार आधी, तिनं संडासात लाल पाणी पाहिलं होतं आणि विचारलं होतं, हे काय. ‘बीट खाल्लं होतं ना काल,’ तो म्हणाला होता, शिट्टीची दोरी गळ्यात अडकवता अडकवता. आणि तिनं मान हलवली होती. त्या आठवड्यात तिनं बीट आणलंच नव्हतं. त्या महिन्यात आणलं नव्हतं. हे तिला आठवलं ते पुढं दवाखान्यात, बाकावर बसल्या बसल्या, जेव्हा आठवून काही उपयोग नव्हता. शाळेच्या क्रीडादिनी, झेंडा वर चढत असताना, जॉर्ज सावधान उभ्याचा तसाच खाली कोसळला होता. शिपायानं रिक्षात घालून आणला. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि विचारलं, ‘रक्त कधीपासून जातंय?’ ती म्हणाली, ‘रक्त? कसलं रक्त?’ जॉर्ज भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, ‘दीडेक वर्ष झालं असेल.’ दीडेक. मैदानाच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाचं पोर पोटदुखीचं सोंग करतंय की खरंच दुखतंय ते ओळखणारा माणूस. दीड वर्ष तो कुणा मूळव्याधवाल्याच्या पुड्या खात होता. पुड्या शाळेच्या कपाटात, थाळीफेक-गोळाफेकीच्या सामानामागं लपवलेल्या. तिच्याशेजारी झोपत होता, तिच्या हातचं जेवत होता, भाजी तिखट झालीय म्हणून कुरकुरत होता, आणि आतून रिकामा होत होता.

आणि तिला त्याच्यावर रागवता आलं नाही. वेळच मिळाला नाही. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि डॉक्टरांनी तिला बोळात बाजूला घेऊन सांगितलं. त्याला नव्हे, तिला. गाठ फार खाली आहे, वाचवण्यासारखं काही राहिलेलं नाही, पोटावर तोंड काढावं लागेल, कायमचं. ‘वेळेवर आला असतात तर,’ असं ते म्हणाले नाहीत, पण चष्मा पुसत थांबले तेवढं पुरे होतं. आजारी माणसावर रागवायचं नसतं. मग पुण्याला लेकीकडं राहून लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घेणं, सुया, केमो, ऑपरेशन. लेक जेनिफर म्हणायची, ‘आई, तू किती खंबीर आहेस.’ पाळकीणबाई घरी येऊन तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, ‘दयाबाई, देवानं तुम्हाला सेवा दिलीय.’ सेवा! जसं काही तिनं अर्ज केला होता. कुणी खिचडी आणायचं, कुणी पपई. ‘पिशवी’ हा शब्द सगळे कुजबुजत म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची नजर घसरत घसरत जॉर्जच्या सदऱ्याच्या डाव्या बाजूला जायची आणि चटका बसल्यासारखी परत यायची. निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणायचे, ‘दया होती म्हणून.’ तिला वाटायचं, एकेकाला त्या खिचडीच्या डब्यासकट जिन्यावरून ढकलावं. राग कुठं ठेवावा ते कळेना, तेव्हा तो भांड्यांत गेला, पासाच्या खिडकीवर आलेल्या पोरांच्या अंगावर गेला. पोरं तिला ‘खेकडीण’ म्हणायला लागली होती. तिनं एकदा ऐकलं आणि तिला बरंच वाटलं. निदान कुणीतरी तिला सेवेकरीण म्हणत नव्हतं.

ऑपरेशननंतर पट्टी काढली तो दिवस. सिस्टर म्हणाली, ‘मावशी, बघून घ्या, घरी तुम्हालाच करायचंय.’ तिनं पाहिलं. गालाच्या आतली कातडी असते तसं, लाल, ओलं, चमकणारं. एवढंसंच. तिनं त्याहून वाईट कल्पना करून ठेवली होती, म्हणून क्षणभर हायसंही वाटलं. आणि मग ते हललं. आपल्या आपण, जरासं आखडून परत सैलावलं, एखाद्या झोपलेल्या जिवासारखं. हा माणूस सत्तावीस वर्षं तिचा नवरा, त्याच्या अंगावरचा प्रत्येक डाग तिच्या ओळखीचा, आणि हे आतलं, जे कुणी कुणाचं बघायचं नसतं, ते असं दिवसाउजेडी तिच्यासमोर श्वास घेतल्यासारखं हलत होतं. तिनं जॉर्जकडं पाहिलं. तो वरच्या ट्यूबलाईटकडं बघत होता. तेव्हापासून तो वरच बघत राहिला. साठलेली पिशवी संडासात जाऊन रिकामी तो करायचा, तीही चाचपून, मान वळवून. पण पोटाला चिकटवायची चकती आठवड्यातून दोनदा बदलावी लागे, ते काम तिचं. तो पलंगावर पडायचा, सदरा छातीवर ओढून घ्यायचा आणि पंख्याकडं बघायचा. ती जुनी चकती सोडवायची, कोमट पाण्यानं पुसायची, पावडर लावायची, नवी बसवून तळहाताची ऊब देत दाबून धरायची. तेवढा वेळ तिचा हात त्याच्या पोटावर असायचा आणि दोघांतलं कुणी बोलायचं नाही. शेवटी तो विचारायचा, ‘झालं?’ ती म्हणायची, ‘झालं.’ त्यांच्या संसारातलं बोलणं आटत आटत ह्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. रात्री तो म्हणाला होता, तू बाहेर दिवाणावर झोप, तुला वास येत असेल. वास येत नव्हता. पण त्यानं ठरवून टाकलं होतं. तसंच, जसं दीड वर्ष पुड्या खायचं ठरवलं होतं. तिच्या बाजूचं सगळं तोच ठरवायचा.

मेहेकरीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक रसवंती दिसली आणि घशाला कोरड पडलीय हे तिला कळलं. तिनं गाडी लावली. चरकामागची बाई पन्नाशीची, कपाळावर गोंदण, तोंडभर बोलणं. ग्लास पुसता पुसता म्हणाली, ‘एकल्याच आलाव? मालक न्हाई संगं?’

‘मालक चर्चमध्ये हसत बसलेत.’

‘हसत्यात? मंग ब्येस हाय की! आमचं येडं लगीन झाल्यापसनं हसलं न्हाई. आक्काबाई, मला म्हन्तं, तुझ्या रसात लई बरफ. एवढंच बोलतंय सालभर.’ आणि ती स्वतःच खदखदा हसली.

दयाला तिचाही राग आला. हसणाऱ्या माणसाचं सगळ्या जगाला केवढं कौतुक! न हसणाऱ्याचं पाप. कुणीतरी गंभीर राहायला लागतं म्हणून बाकीच्यांना हसता येतं, हे ह्यांना कोण सांगणार. एखाद्या पिशवीची क्लिप निसटली तर काय होतं हे लक्षात ठेवायला कुणीतरी लागतं. नणंदेच्या घरी गादीवर काय झालं होतं, आणि ती गादी पहाटे मोरीत कुणी घासली होती. तिनं रुमालानं मान पुसली. रुमाल भिजला. पाण्याची बाटली काढायला तिनं स्कूटरची डिकी उघडली, आणि आत ती निळी थैली होती.

चकती, पिशवी, पावडर, कापूस, काळ्या कॅरीबॅगा. घराबाहेर पडताना ती ही थैली घेतल्याशिवाय पडायची नाही. चकती कालच बदलायची होती. काल जॉर्ज म्हणाला होता, उद्या, चर्चहून आल्यावर. ह्या उन्हात, घामानं, आणि एवढं गदागदा हसल्यावर. ती थैलीकडं बघत उभी राहिली. पर्समध्ये फोन थरथरत होता, बहुतेक मघापासूनच. तिनं कानाला लावला. पलीकडं जॉर्ज.

‘दया.’

‘बोला.’

‘सुटलीय.’

‘काय?’

‘चकती. मागच्या मोरीत उभा आहे. रंगनाथनं बादली दिलीय.’ मग, ‘कुठं आहेस?’

‘मेहेकरीपाशी.’

‘मेहेकरीपाशी काय करतेस?’

‘रस पितेय.’

‘बरं,’ जॉर्ज म्हणाला.

तिनं फोन ठेवला. आणि मग ग्लासात उरलेला रस तिनं सावकाश प्यायला. घाई करायला तिचे हात शिवशिवत होते, पाय गाडीकडं ओढत होते, आठ महिन्यांची सवय. पण ती प्यायली, एकेक घोट, तळाचा बर्फसुद्धा चघळून. उभा राहू दे. त्यानं तिला दीड वर्ष उभं केलं होतं, काही न सांगता. मग पैसे देऊन ती निघाली, आणि परतीच्या वाटेवर मात्र तिनं गाडी अशी पळवली की भिंगारच्या चौकात पोलिसानं शिट्टी मारली. ती थांबली नाही.

चर्च रिकामं झालं होतं. आवारात झावळ्यांचे तुकडे पडले होते. संडे स्कूलच्या खोलीमागं एक मोरी होती, पत्र्याच्या दाराची. तिच्या बाहेर रंगनाथ अपराध्यासारखा उभा होता. ‘म्या आत येऊ का म्हनलं, तर सर न्हाई म्हन्ले.’

‘तुम्ही फाटकापाशी थांबा.’

तो गेला. ती दारापाशी आली. आतून नळाचा आवाज येत होता, तो थांबला.

‘दया?’

‘हं.’

दार वीतभर उघडलं आणि ओला हात बाहेर आला. तिनं त्यात थैली दिली. हात आत गेला, पण दार तसंच राहिलं.

‘आत ये.’

‘नाही.’ हा शब्द ऐकून तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. तिनं दार ओढून बंद केलं आणि बाहेरून हातानं धरून ठेवलं.

‘मला येत नाही गं.’

‘कसं येईल? पंख्याकडं बघून कुणाला काय आलंय? खाली बघ आता.’

‘तू’ म्हणाली होती ती त्याला. लग्न झाल्यापासून चारचौघांत अहो आणि घरात तू. पण आजार आला तसं ते घरातलं तू कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नव्हतं. दवाखान्यात सगळे पेशंटला अहोजाहो करतात, तसंच तिनंही सुरू केलं असावं.

‘अर्धी सुटलीय,’ जॉर्ज आतून म्हणाला.

‘उरलेली सोडव. वरून खाली. ओढू नको. दुसऱ्या हातानं कातडी दाबून धर.’

‘निघत नाही.’

‘निघते. पाणी लाव. हं. आता कापूस ओला करून पूस. साबण नको. घासू नको, टिपल्यासारखं कर.’

ती पासाच्या खिडकीत बसल्यासारखी बोलत होती, खडखडीत, दाराच्या पत्र्यावर बोटं आपटत. आत कापसाची पुडी फाटल्याचा आवाज झाला. मग एकदम, घाबऱ्या आवाजात, ‘दया, रक्त येतंय.’

‘किती?’

‘थोडंसं. कापसाला लागलं.’

‘तेवढं येतं. पुसताना येतं, थांबतं आपोआप.’ तिनं हे शांतपणे सांगितलं. आणि ते सांगून झाल्यावर, कसं कुणास ठाऊक, पायांच्या तळव्यांतून काहीतरी वर चढत आलं आणि तिच्या तोंडातून बाहेर पडलं. ‘हे बरं लगेच सांगितलंस!’

‘काय?’

‘रक्त! आज ठिपका लागला तर हाका मारतोस. दीड वर्ष घळाघळा जात होतं तेव्हा कुठं होते मी? पुण्याला होते? परदेशात होते? शेजारी झोपत होते तुझ्या! बीट म्हणालास. मी बीट केलंच नव्हतं, जॉर्ज! बीट आणलंसुद्धा नव्हतं घरात!’ तिचा आवाज आवारभर गेला. कबुतरं उडाली. ‘मला वेडी केलीस तू. ते डॉक्टर माझ्याकडं असं बघत होते, की ही कसली बाई, नवऱ्याचं रक्त जातंय आणि हिला पत्ता नाही. आणि मग म्हणे सेवा कर. केली! तुझं सगळं धुतलं. पण तू मला एकदा तरी म्हणालास का, दया, माझं चुकलं? एकदा तरी विचारलंस का, तू कशी आहेस? झालं? झालं? एवढंच विचारतोस. नाही झालं! माझं काहीही झालेलं नाही!’

तिला दम लागला. मग जॉर्ज बोलला, मैदानावरच्या आवाजात नव्हे, अगदी दाराला चिकटून. ‘सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चल, डॉक्टरला दाखव.’

‘म्हणालेच असते.’

‘तेच. दाखवायचं म्हणजे कुठं दाखवायचं ते. टेबलावर वाकून. मी जन्मभर पोरांना छाती पुढं काढून चालायला शिकवलं. मला लाज वाटली.’

‘लाजेपायी मेला असतास.’

‘हो.’ मग म्हणाला, ‘चुकलं माझं.’

ते इतकं साधं आणि इतकं उशिरा आलं, की तिला आणखीनच संताप आला. एवढंच होतं होय? एवढ्या दोन शब्दांना ह्या माणसाला मोरीच्या दाराआड उभं करावं लागलं?

‘आणि आज हसलास,’ ती म्हणाली.

‘हसू आलं.’

‘माझ्यापुढं नाही आलं कधी. म्हशीचा पास सांगितला तेव्हा नाही आलं.’

‘तुझ्यापुढं कसा हसणार?’ आता त्याच्याही आवाजाला धार आली. ‘आवाज झाला की तू खोकतेस. चर्चमध्ये ठीक आहे गं. पण तू घरातसुद्धा खोकतेस. दारं लावलेली, आपण दोघंच, तरी खोकतेस. मला वाटायचं, हिला ऐकवत नाही. हिला किळस येते आणि ही बोलत नाही. तुला बाहेर झोप म्हटलं तर तू उशी उचलून गेलीस. एका शब्दानं ‘नाही’ म्हणाली नाहीस.’

‘म्हणजे माझं चुकलं!’

‘चुकलं असं नाही म्हणत.’

‘मग काय म्हणतोस?’

‘खोकू नको म्हणतोय.’

आणि तेवढ्यात, ती फरशीची रिकामी मोरी घुमवत, ते पुन्हा वाजलं. लांब, बेशरम, आरामशीर. दयाच्या घशात सवय तयारच होती, ती खोकली.

‘बघ!’ आतून जॉर्ज ओरडला, आणि हसायला लागला. तिनं दाराला लाथ घातली. पत्रा थडाडला. तो आणखी हसला. तिला हसू आलं नाही. ती दोन्ही हातांनी दार धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते रागाचंच होतं, पण पाणी यायला लागलं होतं खरं.

‘पावडर लाव,’ ती म्हणाली. ‘जास्तीची फुंकून टाक. मग मागचा कागद सोलून चकती बसव. भोक बरोबर त्याच्यावर यायला पाहिजे. बघून बसव.’

‘बघतोय.’ मग, वेगळ्याच स्वरात, स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘केवढं लाल आहे गं हे. हलतंय.’

‘हलतं ते.’

‘तू सांगितलं नाहीस कधी.’

‘तू विचारलं नाहीस.’

बऱ्याच वेळानं दार उघडलं. जॉर्ज बाहेर आला. सदरा अर्धा भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले, हातात गाठ मारलेली काळी कॅरीबॅग. आजारानं तो कितीतरी आटला होता. उन्हात उभा राहिला तेव्हा गळ्याची हाडं दिसली. त्यानं सदरा वर करून दाखवलं, शाळेतल्या पोरानं पाटी दाखवावी तसं.

‘वाकडी बसलीय,’ ती म्हणाली.

‘बसलीय ना?’

‘संध्याकाळपर्यंत निघेल.’

‘मग संध्याकाळी परत बसवीन.’

तिनं त्याच्या खांद्यावर एक गुद्दा मारला. ठरवून नव्हे. मूठ वळली आणि बसली, चांगली जोरात. आठ महिने तिनं ह्या अंगाला कापूस, कोमट पाणी आणि तळहात ह्यांशिवाय काही लावलं नव्हतं. काचेचं सामान हलवावं तसं ते अंग हलवलं होतं. जॉर्ज एक पाऊल मागं गेला.

‘लागलं,’ तो म्हणाला. त्याला नवल वाटलेलं दिसत होतं.

‘लागू दे.’ तिनं आणखी एक मारला, त्याच जागी. त्यानं हात मध्ये घातला नाही.

फाटकावरून रंगनाथ हळूच म्हणाला, ‘बाई, कुलूप लावायचं व्हतं.’

‘लावा,’ दया म्हणाली. तिनं जॉर्जच्या हातातली काळी पिशवी घेतली, ती फाटकापाशीच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली, नळावर हात धुतले आणि गाडी सुरू केली. जॉर्जनं किल्लीसाठी हात पुढं केला होता. तिनं तिकडं पाहिलंच नाही.

‘मागं बस,’ ती म्हणाली. ‘आणि घरी पोचेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मी बोलणार आहे.’